'कॉन्ट्रा'तील शस्त्रे : बलस्थाने, उणिवा आणि वाटणी

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमची लाट नव्वदच्या दशकात आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत शिरली. त्या काळी 'मारिओ'च्या बरोबरीने ज्या खेळाचे नाव मुलांच्या तोंडी असे, तो म्हणजे 'कॉन्ट्रा'. उन्हाळ्याच्या सुटीत एका संचाभोवती सारी गल्ली जमत असे आणि दोन 'रिमोट' दहा हातांतून फिरत. खेळ सहकार्याचा होता; दोघांनी एकाच बाजूने, एकाच शत्रूशी लढायचे होते. तरीही या खेळावरून जेवढी भांडणे झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळावरून झाली असतील. बहुतेक भांडणांचे मूळ एकच असे. पडद्यावर तरंगत आलेले 'एस' हे अक्षर कोणी घ्यायचे?

'एस' सर्वांत चांगले, यावर बहुतेकांचे एकमत असते. मात्र ते का चांगले, कोठे तोकडे पडते आणि इतर शस्त्रे खरोखरच टाकाऊ आहेत काय, याचा विचार सहसा होत नाही. या लेखात प्रत्येक शस्त्राची बलस्थाने आणि उणिवा क्रमाने पाहू. त्याबरोबरच दोघांच्या खेळात त्यांची वाटणी कशी करावी, याचाही विचार करू. कारण या खेळातले यशापयश शस्त्राइतकेच त्या वाटणीवर अवलंबून असते.

खेळाची पार्श्वभूमी

जपानमधील 'कोनामी' या कंपनीने 'कॉन्ट्रा' प्रथम फेब्रुवारी १९८७ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी आणला. घरगुती 'निन्टेंडो' संचासाठीची आवृत्ती फेब्रुवारी १९८८ मध्ये जपान व अमेरिकेत प्रसिद्ध झाली. युरोपात हाच खेळ घरगुती संचावर 'प्रोबोटेक्टर' या नावाने गेला आणि तेथे माणसांच्या जागी यंत्रमानव लढताना दिसले. मूळ जपानी कथानक इसवी सन २६३३ मध्ये, न्यूझीलंडजवळच्या 'गलुगा' या काल्पनिक द्वीपसमूहात घडते. अमेरिकी आवृत्तीच्या पुस्तिकेत ते दक्षिण अमेरिकेतील जंगलात आणि वर्तमानकाळात आणून ठेवले होते. नायक दोन, बिल आणि लान्स. एकाची विजार निळी, दुसऱ्याची लाल. शत्रू म्हणजे 'रेड फाल्कन' नावाची टोळी आणि तिच्या मागे उभे असलेले परग्रहावरील जीव.

भारतात हा खेळ पोचला तो मुख्यतः मूळ संचाच्या स्वस्त नकलांमधून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत हे संच आणि पिवळ्या-काळ्या कॅसेटी मिळत. '९९९९९९९ इन १' असा अचाट दावा करणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत आणि तेच ते वेगवेगळ्या नावांनी यादीत येत. 'कॉन्ट्रा'च्या नावापुढे कधी थेट पुढचा टप्पा, तर कधी सुरुवातीपासून हाती शस्त्र, असे प्रकार असत. पुढील विवेचन मूळ १९८८ च्या घरगुती आवृत्तीला धरून आहे.

तीन नियम आधी समजून घ्यावेत

कोणत्याही शस्त्राचे मोल खेळाच्या नियमांवरून ठरते. 'कॉन्ट्रा'चे तीन नियम त्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला नियम असा की, एक गोळी लागली की मरण. येथे ऊर्जेची पट्टी नाही, जखम नाही, औषध नाही. सुरुवातीला तीन 'लाइफ' मिळतात. मेलेला खेळाडू पुन्हा उभा राहतो, पण त्याचे शस्त्र गेलेले असते आणि हाती उरते ती साधी बंदूक. म्हणजे येथील प्रत्येक विशेष शस्त्र हे उसनवार आहे. ते पुढच्या चुकीपर्यंतच तुमचे.

दुसरा नियम म्हणजे, सामान्य सैनिक एकाच गोळीने मरतो, मग ती कोणत्याही शस्त्राची असो. गोळीची ताकद कामी येते ती फक्त तोफा, दरवाजे, यंत्रे आणि टप्प्याच्या शेवटी येणारे मोठे शत्रू यांच्यापुढे. त्यामुळे खेळाच्या बऱ्याचशा भागात शस्त्र किती जोरदार आहे यापेक्षा ते किती जागा व्यापते, हे अधिक मोलाचे ठरते.

तिसरा नियम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एका खेळाडूच्या ठराविकच गोळ्या एका वेळी पडद्यावर असू शकतात. ती मर्यादा भरली की बटण कितीही बडवले तरी नवी गोळी सुटत नाही. आधीची एखादी गोळी कोणाला तरी लागली किंवा पडद्याबाहेर गेली, की मगच जागा मोकळी होते. यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते. शत्रूच्या जितके जवळ जावे, तितक्या गोळ्या लवकर लागतात आणि तितका गोळीबार वेगवान होतो.

साधी बंदूक

प्रारंभी मिळणारी बंदूक विशेष शस्त्रांत मोडत नाही. पण तुलनेचा पाया तीच असल्याने तिचा विचार आधी करायला हवा. एका दाबाला एक गोळी, सरळ रेषेत. आठ दिशांना नेम धरता येतो, आडवे पडून मारता येते, उडी मारताना खालीही मारता येते. हिची मोठी उणीव म्हणजे अंगठ्याला येणारा थकवा. दोन बाजूंनी सैनिक धावून आले की एकीकडे नेम धरेपर्यंत दुसरीकडचा येऊन भिडतो.

तरीही ही बंदूक दुबळी नाही. निष्णात खेळाडू केवळ तिच्यावर संपूर्ण खेळ पार करतात. शत्रू कोठून येतो हे पाठ झाले की सरळ जाणारी एक गोळी पुरते. विशेष शस्त्रे म्हणजे मुख्यतः या पाठांतराला पर्याय होत. ज्याला रस्ता माहीत नाही, त्याची गरज ती अधिक भागवतात. ही गोष्ट पुढे वाटणीच्या वेळी उपयोगी पडेल.

एम : मशीनगन

बटण दाबून धरले की 'एम'च्या गोळ्या सलग सुटत राहतात. गोळीचा मार्ग साध्या बंदुकीसारखाच सरळ, पण अंगठा मोकळा होतो आणि सारे लक्ष पळण्या-उडण्याकडे देता येते. नवख्याला हे शस्त्र फार सोयीचे. पडद्याच्या आत खोलवर समोर गोळ्या झाडाव्या लागतात अशा भुयारी तळांमध्ये लक्ष्य ठीक समोर असते. तेथे 'एम' उत्तम काम देते.

उणीव उघड आहे. रुंदी नाही. वरच्या फळीवरचा नेमबाज आणि खालून येणारा सैनिक यांना एकाच वेळी ती आवरू शकत नाही. आपल्याकडे आणखी एका कारणाने 'एम'ची किंमत कमी झाली. नकली संचांच्या रिमोटवर बहुधा 'टर्बो' बटणे असत, जी दाबून धरली की यंत्रच वेगाने दाबल्यासारखे करी. अशा रिमोटवर साधी बंदूकही मशीनगनसारखी चालते. मग 'एम' घेऊन विशेष काय मिळाले, असे मुलांना वाटले तर नवल नाही.

एस : पसरणारी बंदूक

एका दाबाला पाच गोळ्या, पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या. हेच ते बहुचर्चित शस्त्र. वर सांगितलेल्या दुसऱ्या नियमाचा पुरेपूर लाभ यालाच मिळतो. सामान्य सैनिकाला एक गोळी पुरते आणि 'एस' एका वेळी पाच दिशांना एकेक गोळी पाठवते. नेम थोडा चुकला तरी काम होते. झाडीत, फळीवर, खड्ड्यापलीकडे दडलेला शत्रू दिसण्यापूर्वीच टिपला जातो.

दुसरा लाभ जवळून मारण्याचा. लांब उभे राहिल्यास पंखा रुंदावतो आणि मोठ्या यंत्राच्या मर्मस्थानी पाचांपैकी एखाददुसरीच गोळी बसते. अगदी जवळ गेल्यास पाचही एकाच जागी बसतात. शिवाय गोळ्या लगेच लागून नाहीशा होत असल्याने पुढचा पंखाही लगेच सुटतो. पहिल्या टप्प्याच्या शेवटी भिंतीत बसवलेले लाल मर्मस्थान 'एस'वाला भिंतीला जवळजवळ नाक लावून काही क्षणांत फोडू शकतो. तोच लांबून मारत राहिला तर तोफांच्या माऱ्यात बराच वेळ अडकतो.

उणिवाही आहेत. 'एस'च्या जास्तीत जास्त दहाच गोळ्या पडद्यावर असू शकतात, म्हणजे दोन पूर्ण पंखे. मोकळ्या जागेत घाईने बटण दाबत राहिल्यास तिसऱ्या वेळी अपुरा पंखा सुटतो किंवा काहीच सुटत नाही, आणि नेमका त्याच क्षणी शत्रू समोर येतो. दुसरी गोष्ट मूळ संचाच्या मर्यादेची. हा संच पडद्यावर एका वेळी ६४ आणि एका आडव्या रेषेत ८ हलत्या चित्रतुकड्यांहून अधिक दाखवू शकत नाही. गर्दी झाली की चित्रे लुकलुकू लागतात. दोघांकडेही 'एस' असेल, तर त्या लुकलुकाटात शत्रूची एखादी गोळी नजरेतून निसटते आणि एक गोळी म्हणजे मरण, हा पहिला नियम आठवतो.

तिसरी उणीव मानसिक म्हणावी लागेल. 'एस'वाला निष्काळजी होतो. पडदा आपोआप साफ होत असल्याने तो रस्ता शिकतच नाही. शस्त्र गेल्यावर त्याच जागी तो लागोपाठ दोन-तीन लाइफ गमावतो, ते यामुळेच.

एल : लेझर

सर्वाधिक गैरसमज झालेले शस्त्र हे. 'एल' म्हणजे लांबट, सरळ प्रकाशझोत. तो पूर्णपणे लक्ष्यावर पडला तर मोठ्या शत्रूवर चांगलाच घाव घालतो. पण याची एक विचित्र अट आहे. पहिला झोत पडद्यावर असतानाच बटण पुन्हा दाबले, तर पहिला झोत नाहीसा होतो आणि नवा बंदुकीच्या नळीपासून सुरू होतो. म्हणजे इतर शस्त्रांना जी घाई मानवते, तीच येथे घातक ठरते.

आपल्याकडे 'एल' बदनाम होण्याचे कारण येथे सापडते. टर्बो बटण दाबून धरणाऱ्याच्या हाती 'एल' आले की झोत नळीतून बाहेर पडतो न पडतो तोच रद्द होतो. लांबचा शत्रू कधी मरतच नाही. 'एल भिकार आहे' असा निष्कर्ष काढून मुले ते टाळू लागली. दोष बराचसा बटणाचा होता. साधे बटण वापरून, एक झोत लक्ष्यावर पोचू देऊन मग दुसरा सोडला, तर 'एल' हे संयमी खेळाडूचे शस्त्र आहे, हे कळते. लक्ष्याच्या जवळ उभे राहिल्यास झोत लवकर पोचतो आणि ही अडचणही कमी होते.

उणीव मात्र मान्य करावी लागेल. रुंदी नाही आणि वेगही नाही. चारी बाजूंनी सैनिक येत असताना लेझरवाला एकटा सापडला, तर त्याची धडगत नसते.

एफ : आगीचे गोळे

दिसायला आकर्षक, वापरायला अवघड. या बंदुकीतून सुटलेला आगीचा गोळा सरळ न जाता गिरक्या घेत पुढे सरकतो. गिरकीमुळे तो सरळ रेषेच्या थोडा वर-खाली असलेल्या शत्रूलाही गाठू शकतो. आडोशामागच्या तोफेवर याचा कधीकधी उपयोग होतो.

पण गोळा संथ आहे आणि गिरकीमुळे नेमका समोरचा शत्रू सुटूनही जातो. धावत येणाऱ्या सैनिकासमोर हा भरवसा ठेवण्याजोगा नाही. घरगुती आवृत्तीत 'एफ' हे सर्वांत कमकुवत विशेष शस्त्र मानले जाते आणि ते मत रास्त आहे. अनेकदा साधी बंदूक बरी वाटते.

'एफ'चा खरा धोका वेगळाच आहे. नवे शस्त्र घेतले की जुने जाते. तेव्हा 'एस' हाती असताना धावण्याच्या ओघात 'एफ'वर पाय पडला, तर 'एस' गेले. अक्षर हवेतून कमान घेत खाली येते आणि जमिनीवर पडून राहते. ते काय आहे हे पाहूनच पुढे पाऊल टाकावे, गरज पडल्यास उडी मारून ओलांडावे. अनुभवी खेळाडू नको असलेले शस्त्र टाळण्यात जितके तरबेज असतात, तितके हवे असलेले घेण्यातही नसतात.

आर आणि बी

ही दोन अक्षरे शस्त्रे नव्हेत, शस्त्राला जोड देणाऱ्या गोष्टी आहेत. ती घेतल्याने हातातली बंदूक बदलत नाही, म्हणून ती घेण्यात तोटा नसतो.

'आर' घेतल्यावर गोळ्या अधिक वेगाने धावतात. वेगाने धावणारी गोळी लवकर लागते वा लवकर पडद्याबाहेर जाते, त्यामुळे तिसऱ्या नियमातील मर्यादा सैल होते. 'एस'ला 'आर'ची जोड मिळाली की वर सांगितलेली अपुऱ्या पंख्याची अडचण बरीच कमी होते. साध्या बंदुकीलाही तिचा फायदा जाणवतो.

'बी' म्हणजे काही सेकंदांचे कवच. शरीर चमकू लागते आणि गोळी लागत नाही. मात्र दरीत पडल्यास कवच वाचवत नाही, हे अनेकांना पडल्यावरच कळते. कवचाचा उपयोग थांबून नाचण्यासाठी न करता, एरवी जेथे थांबावे लागते ती जागा झपाट्याने पार करण्यासाठी करावा.

टप्प्यानुसार निवड

घरगुती आवृत्तीत आठ टप्पे आहेत. जंगल, पहिला तळ, धबधबा, दुसरा तळ, हिमप्रदेश, ऊर्जाकेंद्र, हँगर आणि शेवटी परग्रहवासीयांची गुहा.

जंगलात शत्रू वर, खाली, पुढे, मागे सर्वत्र असल्याने 'एस'ला तोड नाही. पाण्यात असताना खाली दाबल्यास खेळाडू बुडी मारतो आणि गोळ्यांपासून वाचतो. साधी बंदूक असलेल्याने ही सोय विसरू नये.

दोन्ही तळांमध्ये दृश्य बदलते. खेळाडू पाठमोरा दिसतो आणि समोरच्या भिंतीतील मर्मस्थाने फोडल्यावर विजेचा अडसर दूर होऊन वाट मोकळी होते. लक्ष्य ठरलेले आणि समोर असल्याने येथे 'एम' आणि 'एल' यांचे मोल वाढते. एरवी उपेक्षित राहणाऱ्या शस्त्राला न्याय द्यायचा, तर तो येथे.

धबधब्यात पडदा वर सरकतो. शत्रू वरून आणि कडेने मारतात, दगड गडगडत येतात. वर तिरका मारा करणाऱ्याला येथे महत्त्व असल्याने 'एस' पुन्हा उपयोगी पडते. मात्र या टप्प्यातील खरा धोका शस्त्राशी संबंधित नाही. पडदा दोघांना मिळून एकच असतो. जो वर चढतो त्याच्याबरोबर पडदाही वर जातो आणि खाली राहिलेला जोडीदार पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. मित्राच्या गोळीने मित्र मरत नाही, पण मित्राच्या घाईने मात्र मरतो.

हिमप्रदेशात हातबॉम्ब फेकणारे सैनिक आणि वाट अडवणारी चिलखती वाहने येतात. वाहनावर बरेच घाव घालावे लागतात. जवळून मारलेले 'एस' किंवा संयमाने वापरलेले 'एल' दोन्ही चालतात. ऊर्जाकेंद्र आणि हँगर येथे आगीचे लोळ, वरून येणारे पंजे, जमिनीतून उगवणाऱ्या काटेरी भिंती अशी यंत्रे अधिक त्रास देतात. तेथे शस्त्रापेक्षा पावलांची जाण महत्त्वाची. शेवटच्या गुहेत एक धडधडते हृदय असते आणि भोवतालच्या अंड्यांतून कोळ्यासारखे जीव बाहेर पडत राहतात. हृदयावर मारा आणि जीवांचा बंदोबस्त, ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. जवळ जाऊन मारलेले 'एस' ती दोन्ही करू शकते. दोघे असतील, तर एकाने हृदय आणि दुसऱ्याने जीव अशी वाटणी सर्वांत सुरक्षित.

वाटणीचा प्रश्न

आता मूळ भांडणाकडे येऊ. 'एस' एकच आले आहे आणि खेळाडू दोन आहेत. खेळात एकदा घेतलेले शस्त्र दुसऱ्याला देण्याची सोय नाही. त्यामुळे निर्णय घ्यायचा तो अक्षर हवेत असतानाच.

प्रचलित रीत दोन. पहिली, ज्याने गोळी मारून ते खाली पाडले त्याचे. दुसरी, जो आधी पोचला त्याचे. दोन्ही रीतींत शस्त्र बहुधा अधिक चपळ खेळाडूकडे, म्हणजे घरातील मोठ्या भावंडाकडे जाते. हे न्याय्य वाटते, कारण चपळ खेळाडू शस्त्र अधिक काळ टिकवतो. धाकट्याने घेतले तर तो लगेच मरेल आणि शस्त्र वाया जाईल, हा युक्तिवाद तर प्रत्येक थोरल्याने केलेला आहे.

पण हिशेब नीट मांडला, तर तो उलट येतो. ज्याला रस्ता पाठ आहे, त्याचे काम साध्या बंदुकीनेही होते. 'एस'मुळे त्याचे वाचणारे लाइफ थोडेच असतात. नवख्याला मात्र 'एस' प्रत्येक पडद्यागणिक वाचवते. दोघांचे मिळून किती लाइफ शिल्लक राहतात, हा निकष धरला, तर चालू वाटेवर 'एस' कच्च्या खेळाडूला देणे फायद्याचे ठरते. शिवाय एकाचे सारे लाइफ लवकर संपले, तर दोघांच्या खेळाचा तोल बिघडतो. ज्या घरात थोरला एकटाच शेवटपर्यंत पोचला, त्या घरात धाकट्याने 'कॉन्ट्रा'चा शेवट खेळून नव्हे, तर बघून जाणला.

अपवाद एकच. मोठ्या शत्रूच्या आधी जे शस्त्र येते, ते जवळ जाऊन टिकून राहू शकणाऱ्याला द्यावे. कारण तेथे लढाई लवकर संपवणे दोघांच्याही हिताचे असते. बाकी वेळी पुढील साधे संकेत पाळले तरी पुष्कळ. नुकताच मेलेल्याला पुढचे शस्त्र. दोघांकडे एकच शस्त्र असण्यापेक्षा वेगवेगळी बरी, उदाहरणार्थ एकाकडे 'एस' आणि दुसऱ्याकडे 'एल' किंवा 'एम'. 'आर' हे 'एस'वाल्याला आणि 'बी' हे अडचणीत असलेल्याला.

तीस लाइफची प्रसिद्ध युक्ती वापरल्यास मात्र हा सारा हिशेब सैल पडतो. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए हा क्रम मूळचा 'कॉन्ट्रा'चा नाही. 'ग्रेडियस' हा खेळ १९८६ मध्ये घरगुती संचावर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांनी स्वतःला चाचणी सोपी जावी म्हणून तो घातला होता. त्यांचे निधन फेब्रुवारी २०२० मध्ये झाले. 'कॉन्ट्रा'त हाच क्रम प्रत्येकाला ३० लाइफ देतो. त्यामुळे शस्त्र गमावण्याची भीती उरत नाही आणि वाटणीवरून होणारी भांडणेही कमी होतात. शिकण्याची निकडही तितकीच कमी होते, हे सोबत मान्य करावे लागेल.

पुढील आवृत्त्यांनी काय केले?

शस्त्र गमावण्याचा आणि बदलण्याचा हा जाच निर्मात्यांनाही जाणवला असावा, असे पुढील खेळांवरून दिसते. 'सुपर निन्टेंडो' संचासाठी १९९२ मध्ये आलेल्या 'कॉन्ट्रा ३ : द एलियन वॉर्स' या खेळात प्रत्येकाला दोन शस्त्रे बाळगता येऊ लागली. मरताना फक्त हातात असलेले शस्त्र जाते. त्यामुळे मरण अटळ दिसताच चांगले शस्त्र बदलून ठेवण्याची युक्ती खेळाडूंनी अंगी बाणवली. आगीच्या शस्त्राला तेथे खऱ्या अर्थाने ज्वालांचा फवारा मिळाला. शत्रूचा माग काढणाऱ्या आणि जवळून प्रचंड घाव घालणाऱ्या नव्या बंदुकाही आल्या. शस्त्रांमधील दरी कमी झाल्याने 'एस'ची एकाधिकारशाही सैल झाली.

मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'कॉन्ट्रा : ऑपरेशन गलुगा' या नव्या खेळात मूळ कथानक पुन्हा सांगितले आहे. तेथे एकच शस्त्र दुसऱ्यांदा घेतल्यास ते अधिक बलवान होते. हातातील शस्त्राचा बळी देऊन एक विशेष परिणाम साधण्याचीही सोय आहे. शस्त्र जपावे की योग्य क्षणी खर्च करावे, असा नवाच प्रश्न त्यातून उभा राहतो. मूळ खेळ ज्यांना पुन्हा खेळून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' या संग्रहात यंत्रावरील आणि घरगुती अशा दोन्ही आवृत्त्या आहेत.

तात्पर्य

शस्त्रांची क्रमवारीच लावायची, तर 'एस' पहिले, 'एम' दुसरे, 'एल' तिसरे आणि 'एफ' शेवटचे, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल. तळांमध्ये 'एम' आणि 'एल' वर सरकतात. टर्बो बटण असेल तर 'एम' आणि 'एल' दोन्ही खाली येतात. पण ही क्रमवारी एकट्याच्या खेळाची झाली. दोघे खेळत असतील तर कोणते शस्त्र चांगले याच्याआधी, या क्षणी ते कोणाला अधिक लागते आहे, हे पाहावे लागते.

आज ती मुले पालक झाली आहेत आणि त्यांतील अनेकांनी हा खेळ आपल्या मुलांपुढे ठेवला आहे. पुढच्या खेपेस जंगलातील पुलापलीकडे 'एस' तरंगत येईल, तेव्हा थोरल्याने क्षणभर थांबून धाकट्याला 'तू घे' म्हणून पाहावे. धबधबा चढतानाही खाली कोणी राहिले नाही ना, एवढे पाहून मगच वरची उडी घ्यावी. तसे झाले तर शेवटच्या गुहेत निळी आणि लाल, दोन्ही विजारी पोचण्याची शक्यता पुष्कळच वाढते.